मावशीची तांबी आणि डॉक्टरबाईंची मुंगी

मुंगी म्हणे! मुंगी चावल्यासारखं वाटेल म्हणे!... थांबा, आधी ते दार लावा. कारण खरं तर हे मी सांगायचंच नाहीये. आईनं बजावलंय, "बाहेर एक अक्षर काढलंस तर बघ," मावशीनं गळ्याची शपथ घातलीय, आणि काकांनी तर... काकांचं नंतर. काकांना मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. लावलं दार? आणि तू, पलंगावरची, ते पाकीट कुरकुर वाजवू नकोस, कारण मी मोठ्यानं बोलणार नाहीये, आणि मधे थांबले तर पुन्हा सुरू करायचा धीर मला व्हायचा नाही.

तर तुम्हा सगळ्या मैत्रिणींना माहीतच आहे, मी बोलत नाही. वर्गात बाईंनी प्रश्न विचारला, उत्तर मला अगदी पाठ असलं, तरी माझा हात काही वर जात नाही, बाकाला खिळा मारून ठेवल्यासारखा तिथंच राहतो. आणि म्हणूनच आमच्या घरात कुणालाही कुठंही जायचं असलं की सोबत म्हणून मला नेतात. "हिला घेऊन जा, ही बरी, मधे मधे बोलत नाही." छत्रीसारखी! न्यायची, कोपऱ्यात टेकवून ठेवायची, काम झालं की उचलून घरी आणायची. पण छत्रीला कान नसतात, मला आहेत, आणि डोळेही आहेत, आणि हे आजवर कुणाच्या लक्षातच आलेलं नाही!

तर, मावशीला तांबी बसवायची होती. हसू नका. हसायचंच असेल तर तोंडावर उशी घ्या. आणि तांबी म्हणजे काय हे जिला माहीत नसेल तिनं शेजारच्या मुलीला विचारू नका, तिलाही माहीत नाहीये, नुसती मान हलवतेय. मी सांगते. बोटाच्या पेराएवढी, इंग्रजी टी अक्षरासारखी एक वस्तू असते, तिला तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती गर्भाशयात बसवतात आणि मग दिवस जात नाहीत. संपलं. यात लाजण्यासारखं काय आहे? पण आमच्याकडे हा शब्द असा उच्चारतात की जणू घरात चोर शिरलाय आणि त्याला आपण जागे आहोत हे कळू द्यायचं नाहीये!

आणि मावशीला काय हौस होती? धाकट्याच्या वेळी तिचं इतकं रक्त गेलं, इतकं गेलं, की मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन माझ्या आईला सांगितलं, "आता पुन्हा नको. पुढच्या वेळी आमच्या हातात काही नसेल." हे मी ऐकलं. मी तिथंच होते ना, कोपऱ्यात! मग गोळ्या घ्याव्यात, तर मावशीला अर्धशिशी, डोळ्यांपुढे दिवे नाचतात, उलट्या होतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, गोळ्या तुम्हाला चालणारच नाहीत. मग त्या काकांकडे वळल्या. म्हणजे मावशीच्या यजमानांकडे. आणि म्हणाल्या, "पुरुषांचंही एक छोटंसं ऑपरेशन असतं बरं का, त्याच दिवशी घरी जाता येतं..." तुम्हाला सांगते, काकांनी इतक्या झटकन घड्याळ बघितलं की मला वाटलं आता यांचं विमानच सुटतंय! "मला ना... सुईचं जरा..." एवढं म्हणून ते जे उठले ते थेट खाली, गाड्या लावतात तिथं. सुईचं जरा! म्हणजे ज्यांना सुईचं जरा, ते आपले गाडीच्या काचा पुसणार, आणि जिचं दोनदा पोट कापलंय ती टेबलावर चढणार. ठरलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही, आपोआप ठरलं. आमच्या घरात बायकांचं सगळं आपोआपच ठरतं.

"घाबरताय काय एवढ्या?" डॉक्टरबाई मावशीला म्हणाल्या. त्यांचा आवाज असा की जणू एकच वाक्य दिवसभर वाजवायला कुणीतरी बटण दाबून ठेवलंय. "काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटेल."

बाहेर आलो. काउंटरवरच्या सिस्टर म्हणाल्या, "अहो काही नाही, मुंगी चावल्यासारखं." खाली गाडीत काका म्हणाले, "मुंगी चावल्यासारखंच असतं गं ते." घरी मावशीच्या सासूबाई म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं ते, आमच्या वेळी कोण एवढं विचारत होतं!" आता यातल्या कुणी तांबी बसवून घेतली होती? काकांनी? मला एकच प्रश्न पडला, ही मुंगी आहे तरी कुणाची? कुणी पाळलीय? सगळ्यांच्या इतक्या ओळखीची कशी? आणि मुंग्या मलाही चावलेल्या आहेत हो, काळ्या चावल्यात, लाल चावल्यात, एकदा तर बुटात होती. मुंगी चावली की माणूस काय करतो? आई गं म्हणतो, खाजवतो आणि गणित पुढं सोडवतो!

ठरल्या दिवशी काकांना ऑफिसात फार महत्त्वाचं काम निघालं. मग सोबत कोण? बरोबर.

मला बाहेरच्या बाकावर ठेवलं. आत जायला दार होतं, पण ते नीट लागत नव्हतं, आणि त्याच्या आत एक पडदा, हिरवा, खाली धुऊन धुऊन पांढरा पडलेला. दिसत काही नव्हतं. ऐकायला मात्र सगळं येत होतं. आधी भांड्यात काहीतरी धातूचं ठेवल्याचा आवाज, मग डॉक्टरबाईंचा.

"सैल सोडा."

टेबल नुसतं करकरलं.

"सैल सोडा. अहो, सैल सोडा! सैल सोडा म्हणते ना मी!"

आता मला सांगा, कुणी तुमच्या डोक्यावर उभं राहून ओरडलं, शांत व्हा, शांत व्हा, ए, शांत व्हा म्हटलं ना!... तर तुम्ही शांत व्हाल का? मी तिथं बाहेर बाकावर बसल्या बसल्या आखडले! माझ्या शेजारची बाई आखडली! मी डॉक्टरबाईंचं नाव तेव्हाच ठेवलं, सैलसोडाबाई.

मग सिस्टरांचा आवाज. "दोन पोरं झालीत ना बाई तुम्हाला? आणि एवढ्याशा तारेला घाबरता?"

मावशी बारीक आवाजात म्हणाली, "दोन्ही सिझर झालीत हो, खालून एकही नाही..."

"काय?"

"सिझर!"

आणि मग सैलसोडाबाई म्हणतात काय, "मग हे आधी नाही का सांगायचं?" आधी! अहो, मावशीच्या पोटावर एवढी टाक्यांची रेघ आहे, ती काय तिनं वेळ जात नव्हता म्हणून पेनानं काढून घेतलीय? तुमच्या डोळ्यांसमोर आहे ना ती? बघायची कुणी, मुंगीनं?

आणि मग... मावशी ओरडली. मी खोटं नाही सांगत, मी तिचा आवाज ओळखलाच नाही. मावशी आमची अशी, बोटाला चटका बसला तरी आधी भांडं नीट खाली ठेवते आणि मग हाय म्हणते. ती ओरडली, मग ओरडणं मधेच तुटलं, मग सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, डोळे फिरवतायत या," मग पळापळ, मग पाण्याचा आवाज. आणि मग दार उघडून सैलसोडाबाई बाहेर आल्या, हातमोजे काढत, आणि कुणाला म्हणाल्या ठाऊक आहे? मला! नववीतल्या मुलीला! "तुमचा पेशंट अजिबात को-ऑपरेट करत नाही."

मी काय बोलणार? मी छत्री.

मावशी बाहेर आली ती भिंत धरून. तोंड खडूसारखं. जिन्यात तिला पुढं उतरवेना म्हणून ती पायरीवरच बसली, मी तिची पर्स धरून उभी. ती म्हणाली, "मी परत नाही येणार हं इथं. बसली नाही ती. जे व्हायचं ते होऊ दे." आता जे व्हायचं ते म्हणजे काय, हे तिला माहीत होतं, आणि मोठ्या डॉक्टरांनी आईला काय सांगितलं ते मी ऐकलेलं होतं म्हणून मलाही माहीत होतं. माझ्या मनात आलं, हिची दोन पोरं घरी वाट बघतायत, आणि ही इथं पायरीवर बसून म्हणतेय जे व्हायचं ते होऊ दे.

आणि घरी गेल्यावर काका काय म्हणाले असतील? सांगा, सांगा!... बरोबर. "एवढं काय झालं त्यात? मुंगी चावल्यासारखं तर असतं!"

आता ऐका. आता काकांची पाळी.

त्याच इमारतीत खाली दातांचा दवाखाना आहे. वरच्या मजल्यावर सैलसोडाबाई, खाली दातांचे डॉक्टर, जिना एकच. आणि पुढच्याच आठवड्यात काकांची दाढ सुजली. अहाहा! सोबत कोण? मीच. पण इथं मला बाहेर बसवलं नाही हं, काका म्हणाले, "ती आत येऊ दे, जरा बरं वाटतं." मी कोपऱ्यात स्टुलावर. आणि तुम्हाला सांगते, मी जे पाहिलं त्यावर माझाच विश्वास बसेना. ते दातांचे डॉक्टर आधी काकांच्या शेजारी बसले आणि विचारलं, "भीती वाटतेय का?" मग म्हणाले, "सुई टोचू नये म्हणून आधी हिरडीला हे जेल लावतो." जेल लावलं. थांबले. मग सुई. मग पुन्हा थांबले. मग टकटक करून विचारलं, "इथं जाणवतंय? इथं?" म्हणजे दाढेला भूल, हिरडीला भूल, आणि भुलीच्या सुईलासुद्धा भूल! आणि वर म्हणतात, "काहीही दुखलं तर फक्त डावा हात वर करा. मी तिथल्या तिथं थांबेन."

आणि काकांनी हात वर केला! कधी? डॉक्टरांनी नुसता तो छोटा आरसा उचलला तेव्हा. डॉक्टर थांबले. मग खुर्ची मागं झुकली, पुन्हा हात. डॉक्टर थांबले. मग डोळ्यांवर दिवा आला, हात! थांबले! एकदा तर मी शिंकले तर काकांनी हात वर केला! आणि ते डॉक्टर दर वेळी थांबायचे, अगदी शांतपणे, "घ्या, सावकाश घ्या." एकदाही म्हणाले नाहीत, बत्तीस दात आहेत ना तुम्हाला, आणि एवढ्याशा एका दाढेला घाबरता?

घरी आल्यावर काकांनी दोन दिवस रजा टाकली. सोफ्यावर आडवे. मावशी त्यांना सगळं मऊ, कोमट, मीठ कमी करून भरवतेय, गालाला बर्फ लावतेय... हो, तीच मावशी, जी गेल्याच आठवड्यात पायरीवर बसली होती. आणि ते एका बाजूनं बोलतायत, "तुला नाही कळायचं गं, काय यातना असतात!"

त्या संध्याकाळी मावशी बर्फाचं फडकं पिळत होती. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. मग म्हटलं, "मावशी, तिथं हात वर केला की थांबतात."

"कुठं?"

"खाली. दातांकडे. आणि सुईच्या आधीच बधिर करतात. आणि विचारतात."

मावशी फडकं तसंच हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. पाणी सगळं तिच्या पायावर. मी एका दमात एवढं बोलल्याचंच तिला आधी आश्चर्य वाटलं असणार. मग म्हणाली, "तू येशील? आत? माझ्या डोक्याशी उभी राहशील?" मी मान हलवली. तेवढंच. माझा त्या दिवसाचा बोलायचा साठा संपला होता.

तर आम्ही पुन्हा गेलो. सैलसोडाबाईंनी मला बघितलं. "ही कोण? शाळकरी मुलगी आत नको." मावशी म्हणाली, "ती नसेल तर मीही नाही." बाईंनी खांदे उडवले. "बरं, डोक्याशी उभी राहा, पडद्याच्या अलीकडे. इकडं बघायचं नाही. चला बाई, झोपा. काही नाही हो, मुंगी चाव..."

"थांबा," मावशी म्हणाली. आणि पुढं तिला बोलताच येईना. घरून सगळं घोकून आली होती हो ती, रिक्षात मला म्हणूनही दाखवलं होतं, पण त्या टेबलावर आडवी झाली आणि सगळं विसरली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी घड्याळाकडे. आणि मला दिसलं, ती आता उठणार, चपला घालणार, आणि पुन्हा त्याच पायरीवर जाऊन बसणार. आणि मग... माझा हात वर गेला! खरंच सांगते! शाळेत जो इतक्या वर्षांत कधी गेला नाही, तो तिथं गेला, वर्गातल्यासारखा, सरळ, एक बोट वर!

सैलसोडाबाई म्हणाल्या, "काय गं? बाथरूम त्या बाजूला आहे."

"नाही... मला विचारायचंय. भूल नाही का देत?"

"कुणाला? तुला?"

"मावशीला."

आणि बाई म्हणाल्या, अगदी सहज म्हणाल्या, "हवीय का? देऊ की."

देऊ की!

मावशी उठून बसली. "म्हणजे... असते?"

"असते ना. त्या कपाटात आहे. आधी जेल लावायचं, मग गर्भाशयाच्या तोंडाशी सुई देऊन बधिर करायचं, नंतरच्या कळांसाठी दुखण्याची गोळी आधीच घ्यायची. सगळं आहे."

"मग गेल्या वेळी..."

"तुम्ही मागितली नाहीत."

मागितली नाहीत! ऐकलंत? मागितली नाहीत! म्हणजे बसमध्ये बसलं की ड्रायव्हरला आपण सांगायचं का, दादा, ब्रेकही लावा हं? नाही सांगितलं तर तो म्हणणार, मागितला नाहीत तुम्ही! काकांनी मागितली होती का? काकांना तर भुलीचीही भूल न मागता मिळाली! आणि जी वस्तू असते हेच माहीत नाही, ती माणूस मागणार कशी? मेन्यूकार्ड लावलंय का कुठं भिंतीवर? भिंतीवर काय, तर एक गुटगुटीत बाळ, हसणारं! जी बाई मूल नको म्हणून आलीय तिच्यासमोर बाळ!

आणि पुढचं ऐका, म्हणजे तुम्ही खुर्चीवरून पडाल. बाई कपाट उघडता उघडता म्हणतात, "मला बसवली तेव्हा मी घेतली होती. चांगला फरक पडतो." एखाद्या साबणाचं सांगावं तसं! चांगला आहे, फेस येतो! एवढीशीही लाज नाही, उलट मावशीला चांगला सल्ला दिल्याचं समाधान तोंडावर! बाई, बाई, तुमच्या वेळी ती मुंगी कुठं गेली होती हो? रजेवर?... मी हे म्हटलं नाही. मी मनात म्हटलं. पण मनात फार मोठ्यानं म्हटलं.

मग मावशीला गोळी दिली आणि म्हणाल्या, "ती लागू पडेपर्यंत बाहेर बसा." आम्ही बाकावर. आणि इथं जे झालं त्याच्यासाठीच आई माझ्यावर चिडलीय. मावशीच्या शेजारी एक बाई होती, पोटाशी पिशवी घट्ट धरून. मावशी तिच्याकडे वाकून हळूच म्हणाली, "तांबीला आलात? भूल मागा. कपाटात असते." झालं! ती बाई पलीकडचीच्या कानाला लागली. ती पुढचीच्या. बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुजबुज अशी सरकत गेली की मला प्रार्थनेच्या वेळी आम्ही पुढं सरकवतो त्या चिठ्ठीची आठवण झाली. सिस्टर दारात आल्या, "पुढची कोण?" एक उठली, म्हणाली, "मी. आणि मला भूल पाहिजे." दुसरी म्हणाली, "मलाही." तिसरी म्हणाली, "मलाही पाहिजे." सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही तर नुसता रिपोर्ट न्यायला आलात ना?" तर ती म्हणते, "असू दे. काही लागलं तर?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चपलांकडे पाहिलं.

मग आत. मावशीनं अट घातली, या वेळी तिचा आवाज फुटला, "मी हात वर केला की तुम्ही थांबायचं." बाई म्हणाल्या, "हे काय नवीन?" मावशी म्हणाली, "नवीन नाही. तुमच्या खालच्या मजल्यावर रोज असतं." बाईंचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं, पण म्हणाल्या, "बरं." आणि गंमत बघा, आज बाई बोलायला लागल्या! "आता गार लागेल. आता टोचेल, थोडं झोंबेल. आता थांबूया, बधिर होऊ दे." एकदाही सैल सोडा नाही! आणि तुम्हाला सांगते, कुणी न ओरडता मावशी आपोआप सैल झाली, तिचे वर चढलेले खांदे हळूहळू उशीला टेकताना मला दिसले.

"आता कळ येईल," बाई म्हणाल्या. "जोराची येईल, पण लगेच ओसरेल."

कळ आली. मावशीनं हात वर केला. पण तिच्या हातात माझा हात, म्हणजे माझाही वर! आम्ही दोघी हात वर करून! आणि सैलसोडाबाई थांबल्या. हो. थांबल्या. नाखुशीनं, छताकडे बघत, सिग्नलला अडकलेल्या गाडीसारख्या, पण थांबल्या. आणि थांबल्यानं काय झालं? काही झालं नाही! इमारत कोसळली नाही, बाईंची डिग्री कुणी काढून घेतली नाही. मावशीनं लांब श्वास घेतला आणि म्हणाली, "हं. करा आता."

दुखलं. खोटं कशाला सांगू? तिनं माझी बोटं अशी आवळली की पुढं दोन दिवस मला पेन नीट धरता येत नव्हतं. पण ती ओरडली नाही, तिचे डोळे फिरले नाहीत. "झालं," बाई म्हणाल्या. "झालं?" मावशी म्हणाली. "बसली?" "बसली. व्यवस्थित." आणि मग मावशी रडायला लागली. बाई गोंधळल्या, "अहो, आता कशाला रडता? झालं ना?" मावशी म्हणाली, "म्हणूनच. असं होत होतं, तर गेल्या वेळी का नाही केलंत?"

हात धुता धुता बाईंनी आपलं तेच बटण दाबलं, "बघा, होतं की नाही मुंगी चावल्यासारखं?"

मावशी डोळे पुसून केस नीट करत म्हणाली, "डॉक्टर, मुंगी चावली तर मी फुंकर मारते. तुमच्याकडे येत नाही."

अहाहा! ते वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. त्या दिवशी आम्ही त्या पायरीवर पुन्हा बसलो, कारण मावशीला जरा गरगरत होतं, पण या वेळी ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.

आणि घरी? काकांनी शेकायला पिशवी भरून ठेवली होती, एवढं मान्य करायला हवं. पण तोंड गप्प बसेल तर ते काका कसले! "बघ! मी म्हणत नव्हतो? उगाच बाऊ केलास. मुंगी चावल्यासारखं!" आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझ्या दाढेचं आणि... ते हात वर केल्याचं वगैरे... बाहेर कुठं बोलू नकोस हं." म्हणजे सगळ्यांना मी गप्प हवीय! आईला वाटतं दवाखान्यात मी भांडणं लावली, मावशीला लाज वाटते, काकांना अब्रू आहे, आणि कपाटातल्या भुलीचं कुणालाच काही नाही!

आता आजचं. आज सकाळी काका डब्याचं पत्र्याचं झाकण उघडायला गेले आणि बोट कापलं. किती? एवढं. नाही, एवढंसुद्धा नाही. एक थेंब! तर ते स्वयंपाकघरात फरशीवरच बसले, "अंधारी येतेय, मला अंधारी येतेय!" बोटाला अख्खा टॉवेल गुंडाळून घेतलाय. पत्रा गंजका होता म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं, तर सकाळपासून इथंच पलीकडच्या खोलीत सोफ्यावर पडून दवाखान्याला फोन करतायत. मी माझ्या कानांनी ऐकलं, विचारत होते, "त्या सुईच्या आधी काही लावता का हो तुम्ही?" बघा! यांना बरोबर मागता येतं! यांना कुणी शिकवलं?

पण मी ठरवलंय. सोबत मलाच नेणार, दुसरं कोण आहे! मी त्यांच्या डोक्याशी उभी राहणार, हात धरणार, आणि सुई टोचणार तेवढ्यात कानाशी वाकून, अगदी गोड आवाजात...

"अगं, कुठं बसलीयस? चल ना, काका म्हणतायत ती असेल तरच येतो!"

आले गं मावशी!... ऐकलंत? म्हटलं नव्हतं? छत्री निघाली. पण जायच्या आधी एवढंच लक्षात ठेवा, शपथबिपथ गेली खड्ड्यात, तुमच्यापैकी कुणावर कधी ती वेळ आली ना, तर आत पाऊल टाकल्या टाकल्या, लाजायचं नाही, घाबरायचं नाही, सरळ हात वर करायचा आणि पहिलं वाक्य म्हणायचं, डॉक्टर, मला...

"अगं येतेस ना लवकर! यांनी हात वर केलाय, आणि अजून आम्ही चपलासुद्धा घातल्या नाहीत!"